एक अक्षर दाबलं की

परवा दुपारी लॅपटॉपचा पंखा असा काही घोंघावायला लागला की मला वाटलं हा आता टेबलावरून उडतोय. बघितलं तर उघडं काय, फक्त ब्राउझर. म्हणजे "फक्त" म्हणायची आपली पद्धत. आत टॅब किती होते ते विचारू नका, वरच्या पट्टीत त्यांची नावं दिसणं कधीच बंद झालंय, नुसती बारकी बारकी चित्रं दिसतात आणि त्यावरून ओळखायचं की हे मेल, हे बँकेचं, आणि ही जी राखाडी पृथ्वी आहे ना ती कशाची ते देवालाच माहीत. ती पृथ्वी मी कधी उघडून बघत नाही आणि बंदही करत नाही. असेल काहीतरी कामाचं.

आता यात चूक कोणाची म्हटलं तर माझीच, पण टॅब बंद करण्यापेक्षा ब्राउझर बदलणं मला सोपं वाटलं. कुठला नवा घेतला ते नाही सांगत. ब्राउझरच्या नावावरून लोक ज्या तावातावाने भांडतात ते बघता गप्प बसलेलं बरं. आपण त्याला "नवा" म्हणू आणि दुसऱ्याला "जुना".

नवा दोन मिनिटांत उतरला. उघडला तर कोरा करकरीत, टॅबची पट्टी वर नाहीच, डाव्या अंगाला उभी, आणि मधोमध एवढी मोठी रिकामी जागा की मी उगाच सरसावून बसले. मग त्याने विचारलं, जुन्यातून काय काय आणू? खाली चौकोन. बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी. पासवर्डवर टिक केली, इलाजच नव्हता, मला माझा एकही पासवर्ड येत नाही, मला फक्त ते काळे ठिपके ओळखीचे आहेत. बुकमार्कवर केली. हिस्टरीवर बोट थांबलं आणि तिची टिक मी काढून टाकली. म्हटलं नवं घर आहे, जुनी जळमटं कशाला. कोण कुठली मी, रात्री दोन वाजता काय काय शोधत होते, याला काय करायचंय.

इथेच फसले.

माझी सवय अशी की मी पत्ता कधी पूर्ण टाइप करत नाही. वरच्या चौकटीत एम दाबायचा आणि एंटर, की मेल उघडतं. डब्ल्यू एंटर, हवामान. एक जी आहे, तो कुठे जातो ते सांगणार नाही. बघायचं पण नाही तिकडे, बोटं आपली आपण जातात, चपला जशा अंधारातही पायाला सापडतात तशी. तर नव्यात मी एम दाबला, एंटर मारलं आणि चहाचा कप उचलला. खाली ठेवून बघते तर मेल कुठलं, समोर एम या अक्षराची माहिती. इंग्रजीतलं तेरावं अक्षर. रोमन अंकांत एक हजार. मीटरची खूण. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं, म्हणजे रोजच्या माणसाला "काय मग" म्हणून हाक मारावी आणि त्याने "आपण कोण?" म्हणावं तसं. त्याची काय चूक, त्याला कोणी ओळख करून दिलीये माझी? मीच नको म्हटलं होतं.

त्या कोऱ्या पानाकडे बघता बघता दादाचा कॉम्प्युटर आठवला. दादा म्हणजे मामेभाऊ. मी चौथीत असेन नसेन. त्याच्याकडे नेटस्केप नावाचा तेव्हाचा ब्राउझर होता, कोपऱ्यात मोठा एन, आणि पान यायला लागलं की त्या एनमागच्या आकाशातून तारे पडायचे. मला तर तेच इंटरनेट वाटायचं. पान येवो न येवो, तारे पडतायत ना, मग चाललंय. तेव्हा इंटरनेट घरच्या फोनच्या वायरीतूनच यायचं, म्हणून आधी तो मोडेमचा आवाज, ती किरकिर, ती शिट्टी, मग घरघर, आणि सगळ्यांनी श्वास रोखून गप्प, जणू आपण बोललो तर त्याची लय चुकेल. एका दुपारी त्याने शनीचा फोटो लावला. वरून एकेक ओळ उतरायला लागली. आधी सगळं काळं. खूप वेळ काळंच. मग एक फिकट कड, मग डोक्याचा गोल, पिवळसर, मग कड्याची टोकं दोन्हीकडून निघाली, आम्ही तिघं खुर्चीच्या पाठीवर लोंबकळून बघतोय, दादा म्हणतोय हात लावू नका कोणी, आणि मामीने आतल्या खोलीत फोन उचलला. खलास. तारे पडायचे थांबले. शनी कड्यापर्यंत आलेला, खाली नुसता राखाडी चौकोन. मामीला सांगायची कोणाची हिंमत झाली नाही, तिचं बोलणं झालं तेव्हा दादाने पुन्हा जोडलं नाही, म्हणाला बिल येतं. नंतर शनीचे पुष्कळ फोटो बघितले, ते सगळे पूर्णच होते. पण शनी म्हटलं की मला तो अर्धाच आठवतो, कड्यावर हनुवटी टेकून बसल्यासारखा.

बाबांचं वेगळंच. त्यांच्यासाठी इंटरनेट म्हणजे तो निळा ई. इंटरनेट एक्सप्लोरर हे नाव त्यांनी आयुष्यात उच्चारलं नसेल. त्यांचा दोष नाही म्हणा, एक काळ असा होता की जगातले नव्वद टक्क्यांहून जास्त लोक त्या ईमधूनच जग बघायचे, विंडोजबरोबर घरात आलेला, वेगळा कोण कशाला आणतोय. 15 जून 2022 ला मायक्रोसॉफ्टने तो अधिकृतपणे निकालात काढला. बाबांना हे कळायचं काही कारण नव्हतं. त्यांना कळलं ते नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा. फोन आला, "अगं, याच्यात इंटरनेट नाहीये." मी वायफाय विचारलं, राउटरचे दिवे विचारले, सगळे लागलेले. पाऊण तास. शेवटी म्हणाले, "ई नाहीये ना पण." मग मी दुसरा ब्राउझर डेस्कटॉपवर आणला आणि खालचं नाव खोडून "इंटरनेट" असं लिहून ठेवलं. चालू आहे अजून. त्यांना कोणी विचारलं तुम्ही कुठला ब्राउझर वापरता तर ते म्हणतील, इंटरनेट. आणि खरं सांगू, मला हेवा वाटतो.

तर नवा. मी जरा सेटिंगमध्ये शिरले, म्हटलं बघू तरी कोण आहे हा. बघते तर आत क्रोमियम, म्हणजे गूगलचं क्रोम ज्यावर उभं आहे तोच सांगाडा. म्हणजे मी ज्याला सोडून निघाले त्याच्याच चुलतभावाच्या दारात येऊन उभी! क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सगळ्यांच्या आत तेच. ऑपेराने स्वतःचं इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा आतला भाग, 2013 मध्ये सोडून दिलं, मायक्रोसॉफ्टने 2020 च्या जानेवारीत तेच केलं. आणि या इंजिनाची वंशावळ काढत गेलं तर अजून गंमत, क्रोमियमच्या आतलं आजचं इंजिन ब्लिंक, ते निघालं वेबकिट नावाच्या इंजिनामधून, आणि वेबकिट हे ॲपलने 2001 मध्ये केएचटीएमएल नावाच्या इंजिनावरून काढलेलं, जे केडीई नावाच्या गटातल्या लोकांनी लिनक्सवरच्या, म्हणजे विंडोजऐवजी काही जण वापरतात त्या प्रणालीवरच्या, आपल्या कॉन्करर ब्राउझरसाठी लिहिलं होतं. कॉन्करर आज किती जणांच्या ओळखीचा असेल? पण नातवंडं बघा, घरोघरी. मोठ्यांपैकी वेगळी चूल राहिली ती फायरफॉक्सच्या गेकोची आणि सफारीच्या वेबकिटची, बस. बाकी उडदामाजी काळे गोरे.

आणि कहर म्हणजे हे सगळे, अगदी सगळे, वेबसाइटच्या दारात गेले की आपली ओळख सांगताना सुरुवात "मोझिला 5.0" अशी करतात. मोझिला हे नेटस्केपचं घरातलं नाव. नव्वदीत काही वेबसाइट चांगलं पान फक्त नेटस्केपलाच द्यायच्या, बाकीच्यांना साधं, तर एक्सप्लोररने सरळ मीही मोझिलाच म्हणून सांगायला सुरुवात केली, आणि मग मागून आलेल्या प्रत्येकाने तोच कित्ता गिरवला. ज्याच्या नावाने आत शिरायचे तो नेटस्केप कधीच गेला, पण दारात नाव अजून त्याचंच सांगायचं. मला हे फार आवडलं, का ते नाही सांगता येत.

असो. पंख्याचं राहिलंच. पंखा घोंघावतो कारण साधारण प्रत्येक टॅबची चूल वेगळी असते. 2008 च्या सप्टेंबरमध्ये क्रोम आलं तेव्हा हे समजावून सांगायला चक्क एक कॉमिक काढलं होतं, स्कॉट मॅक्लाउडने चितारलेलं. एक टॅब आडवा झाला तरी बाकीच्यांना धक्का नको म्हणून प्रत्येकाला वेगळं काढून दिलेलं. त्याआधी एक पान अडकलं की सगळीच्या सगळी खिडक्यांसकट बुडायची, अर्धवट लिहिलेलं मेल घेऊन, हे भोगलेलं आहे. पण वेगळ्या चुली म्हटल्यावर रॉकेल पण तेवढंच लागणार ना. म्हणजे नव्यातही साठ टॅब उघडले की पंखा तोच आणि आवाज तोच.

मग बदलून काय मिळवायचं, हा प्रश्न मला चार वाजता पडला आणि तेव्हाच मी बुकमार्क उघडून बसले, म्हणजे संध्याकाळ गेली. बुकमार्कमध्ये एक फोल्डर, "इंपोर्टेड". त्याच्या आत "फायरफॉक्समधून". त्याच्या आत "एक्सप्लोररमधून". प्रत्येक वेळी ब्राउझर बदलताना मागचं बिऱ्हाड न उघडता तसंच आत सरकवलेलं. सगळ्यात तळाला एकोणतीस लिंक होत्या, एकेक करून दाबल्या, चार चालल्या. एका लिंकचं नाव नुसतं "नंतर". कशाच्या नंतर? दाबलं तर सर्व्हर सापडत नाही. तरी डिलीट केलं नाही. एकोणतीस आहेत एवढं फक्त कळलं, आणि परत बंद करून ठेवलं, आता चौथ्या थराच्या आत.

टॅब मात्र हाताने आणायचे होते. नव्याने त्यांचं विचारलंच नव्हतं. एक टॅब उघडायचा, पत्ता कॉपी करायचा, तिकडे पेस्ट करायचा, इथला बंद करायचा. यात एक तोटा होतो, प्रत्येक टॅब बघावा लागतो. लक्ष एकाग्र कसं करावं, हा लेख पहिल्या परिच्छेदापर्यंत वाचलेला. तीन वेळा उघडलेला एकच युनिट कन्व्हर्टर. पाठीच्या व्यायामाचा व्हिडिओ, बावीस सेकंदांवर थांबवलेला. राखाडी पृथ्वी उघडली, तर ती एका फॉर्मची पोचपावती निघाली, आणि तो फॉर्म मी भरला होता हेच माझ्या लक्षात नव्हतं. आणि शेवटून दुसरा टॅब: फ्रिजमधून टकटक आवाज येत असेल तर काय करावं.

तो फ्रिज आम्ही विकून टाकला, त्याला दीड वर्ष झालं.

मधेच मैत्रिणीने काहीतरी लिंक पाठवली, दाबली, वाचली, हसले, तिला उत्तर पण दिलं आणि मग लक्षात आलं की ती जुन्यात उघडली होती, कारण नव्याला मी अजून डिफॉल्ट केलेलं नाही. तो रोज विचारतो. मी "आत्ता नको" दाबते. नाही म्हणत नाही, आत्ता नको म्हणते. तो पण बिचारा समजून घेतो आणि उद्या परत विचारतो. हिस्टरी मी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने आणली, आता एम दाबलं की मेल येतं, जी पण बरोबर जातो.

सध्या दोन्ही चालू आहेत. म्हणजे पंखा पहिल्यापेक्षा जास्त. नव्यात डावीकडे टॅबची नावं पूर्ण वाचता येतात, ही सोय म्हणायची की शिक्षा ते कळेना. एकसष्टातले आणले फक्त अकरा, बाकीच्यांना मन घट्ट करून सोडलं.

फ्रिजचा आणलाय.