टिकलीसोबत धोडपच्या माचीवर एक रात्र

"कुत्री सोबत आहे ना, मग कसली भीती?" निघायच्या आधी हे मला किमान दहा जणांनी ऐकवलं. आईने मात्र नाही. आईचं माहेर दिंडोरीकडचं. ती एवढंच म्हणाली, "कुत्रीमुळेच भीती."

आईचं बरोबर होतं. आपल्याकडे बिबट्याला कुत्रं म्हणजे काय, हे वस्तीवर राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. नाशिकशेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यात ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्या त्यांच्या कितीतरी मागे. हे वाचल्यावर माझा बेत रद्द झाला नाही, पण सगळी तयारी मी उलट्या बाजूने केली. टिकली मला राखणार नव्हती. मी तिला राखणार होते.

टिकली म्हणजे आमची गावठी कुत्री. कपाळावर पांढरा ठिपका, वजन सतरा किलो, वय चार. दिवसाचे ट्रेक आम्ही दोघींनी बरेच केलेत. रामशेज किल्ला तर तिला पाठ आहे. पण रात्री बाहेर मुक्काम कधी केला नव्हता, आणि एकटीने तर मीही नाही.

आधी जागेचा प्रश्न. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड ही नावं पहिल्यांदा डोळ्यासमोर येतात, पण तो सगळा पट्टा अभयारण्यात मोडतो. तिथे पाळीव कुत्रा न्यायचाच नसतो, आणि मला वाटतं तेच योग्य आहे. आपल्या कुत्र्याचे आजार जंगलातल्या प्राण्यांना का द्यायचे? मग चांदवड तालुक्यातला धोडप किल्ला ठरवला. नाशिकहून आग्रा रोडने वडाळीभोई, तिथून धोडांबे आणि पायथ्याचं हट्टी. गाडी थेट गावापर्यंत जाते. माचीवर सपाटी आहे, जुनी बांधकामं आहेत आणि गाव हाकेच्या नसलं तरी दीड तासाच्या अंतरावर आहे. कुत्र्याला काही झालं तर दीड तासात गाडीपाशी, हा माझा मुख्य हिशेब होता.

पहिली सराव-रात्र घराच्या गच्चीवर झाली आणि पूर्ण फसली. टेंटची चेन लावली तशी टिकली घाबरली, जाळीला नखं मारत सुटली. वीतभर फाटली जाळी. मग पंधरा दिवस टेंट हॉलमध्येच उभा करून ठेवला आणि तिचं जेवण आत द्यायला लागले. आजीची जुनी गोधडी खाली अंथरली. तिसऱ्या आठवड्यात ती दुपारची झोप आपण होऊन तिथे काढू लागली. कुणाला करायचं असेल तर याला वेळ द्या, बाकी सामान चार दिवसांत जमतं.

डॉक्टरांकडे रेबीजचा वार्षिक डोस आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस झाली. लेप्टो का, तर गडावरच्या टाक्यातल्या साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींचं मूत्र उतरतं आणि कुत्रं तेच पाणी पितं. गोचिडीची गोळी आठवडाभर आधी दिली. डिसेंबरातलं गुडघाभर वाळलं गवत म्हणजे गोचिडींचं घर, आणि गोचीड-तापाने आमच्या गल्लीतलं एक लॅब्राडोर मरता मरता वाचलं होतं. पाणी मला तीन लिटर, तिला दोन. तिच्यासाठी कोरडं खाणं आणि दोन उकडलेली अंडी. पाठीवर सगळं मिळून चौदा किलो झालं, आणि त्यातलं जवळजवळ तीन किलो बाईसाहेबांचं.

मुद्दाम मंगळवार निवडला. शनिवार-रविवारी गडावर स्पीकर घेऊन येणारे ग्रुप असतात, त्यांच्यापुढे बिबट्या परवडला. घरी कागदावर लिहून ठेवलं: गाडी कुठे लावणार, टेंट कुठे, आणि बुधवारी दुपारी बारापर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

हट्टीत गाडी लावली आणि खरा त्रास तिथेच सुरू झाला. गावातली पाच-सहा कुत्री एकदम अंगावर आली. टिकलीही कमी नाही, तिने दात काढले. मी तिला जवळ घेऊन उभी राहिले, पळाले नाही. एका ओट्यावरचे बाबा काठी आपटत आले तेव्हा सुटका झाली. कुठे चाललात विचारलं, मी सांगितलं. त्यांनी टिकलीकडे पाहिलं.

"ताई, रात्री हिला भाईर नका बांधू. मागल्या पावसाळ्यात आमची दोन गेली. साखळीसकट."

"टेंटमध्येच घेणार आहे, बाबा."

"मधी घ्या. आन् भाकरतुकडा काही भाईर ठेवू नका."

मग म्हणाले, वरच्या टाक्याचं पाणी चांगलं आहे. मी हो म्हटलं. टिकलीला मात्र आपलंच पाणी पाजलं.

चढण दीड तासाची, उन्हात पावणेदोन लागले. कुत्र्याला आपल्यासारखा घाम सुटत नाही, धापेवरच अंग गार ठेवावं लागतं. म्हणून दर वीस मिनिटांनी सावली बघून थांबले. काळा कातळ हाताचा पंजा उलटा ठेवून बघायचा: पाच सेकंद ठेवता आला तर तिच्या पायांना चालेल. डिसेंबर असूनही दुपारी एका ठिकाणी तो ठेवता आला नाही. तिथे तिला कडेच्या गवतातून नेली, काठीने आधी गवत आपटत. घोणस थंडीत उन्हाला येऊन पडते, आणि कुत्रं नाक खुपसतं म्हणून चावा बहुतेक तोंडावरच बसतो.

माचीवर सामान टाकून बालेकिल्ल्याच्या वाटेवर थोडं वर गेलो. कातळात कोरलेल्या पायऱ्या टिकली सरसर चढली. उतरताना पंचाईत झाली. ती खाली ओढते, आपण वर तोल धरतो आणि पट्टा मध्ये. दोनदा पाय सटकला. वर गुहेत राहायचा विचार तिथेच सोडला. १७६८ मध्ये राघोबादादांना याच गडावर पुतण्यापुढे, माधवराव पेशव्यांपुढे हार खावी लागली होती. मी पायऱ्यांपुढे खाल्ली, त्यात कमीपणा कसला.

टेंट एका पडक्या भिंतीला पाठ लावून ठोकला, पुढे मोकळं ठेवून. शेकोटी केली नाही. ते वाळलं गवत बघून काडी ओढायचीसुद्धा छाती झाली नाही. छोट्या गॅसवर खिचडी केली, टिकलीने तिचं खाल्लं. भांडी लगेच पुसून पिशवीत बांधली. सहाच्या आत सूर्य गेला. साडेसातला आम्ही आत, चेन बंद. सात वाजता उजाडणार म्हणजे साडेअकरा तास. या साडेअकरा तासांबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

अकरापर्यंत बरं गेलं. थंडी जोरात होती, टिकली माझ्या पोटाशी. दोन वाजून वीस मिनिटांनी ती उठून बसली. भुंकली नाही. पाठीवरचे केस उभे आणि घशातून अगदी खालच्या पट्टीत गुरगुर. मग कड्याच्या बाजूने वानरं ओरडली, खॅक, खॅक, मध्ये थांबून परत. हा आवाज ट्रेकवर दिवसा मी ऐकला होता. तो कशासाठी असतो तेही ठाऊक होतं.

एका हाताने तिचा हार्नेस धरला आणि दुसऱ्या हाताने ताटलीवर चमचा बडवायला लागले. मोठ्याने बोलायलाही लागले. काय बोलले तर ऑफिसातल्या थकलेल्या बिलांची यादी, पार्टीच्या नावासकट. दुसरं काही सुचेना. पंधरा-वीस मिनिटांत वानरं गप्प झाली. टिकली काही आडवी झाली नाही.

आणि चार वाजता तिला लागली. चेनपाशी जाऊन कुंईकुंई. घरी हा आवाज आला की मी दार उघडते. इथे हात चेनवर गेला आणि थांबला. दोन मिनिटांचाच प्रश्न होता, हेडलॅम्प होता, पट्टा आखूड होता. पण बाबांचं 'साखळीसकट' आठवलं. मी तिला म्हटलं, इथेच कर. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला देवघरात करायला सांगते आहे. अर्ध्या तासाने नाइलाजाने आजीच्या गोधडीवर केली आणि कोपऱ्यात तोंड वळवून बसली. पाघळून थोडं माझ्या स्लीपिंग बॅगखालीही आलं. उजाडेपर्यंत मी त्या ओल्यात, ती रुसलेली.

सकाळी टेंटभोवती ठसे शोधले. जमीन सगळी मुरमाड, काहीच दिसलं नाही. खाली बाबांना सांगितलं तर म्हणाले, "असंल बिबट्या. नाय तर वानरं उगाचबी वरडत्यात." चहा दिला, टिकलीला भाकरी. पैसे घेतले नाहीत.

घरी तिच्या अंगावर सात गोचिडी निघाल्या, कानात आणि बोटांच्या बेचक्यांत. पाच गोळीने मेलेल्या, दोन जिवंत. त्या चिमट्याने सरळ ओढून काढल्या. गोधडी दोनदा धुतली, तरी वास आहे. आईने ती गॅलरीत वाळत घातलेली पाहिली, नाकाला पदर लावला आणि विचारलं, "पुन्हा जाणार?" टिकली तोवर हॉलमधल्या टेंटच्या रिकाम्या जागेवर जाऊन गोल फिरून झोपली होती.