'नाही' म्हणायचा धंदा : आमची वाटचाल

इंग्रजीत फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या पाळीव प्राण्याच्या कळपाला 'बिझनेस' म्हणतात. हे कळलं तेव्हा नवरा म्हणाला, "मग आपला बिझनेस तोट्यात का?"

इंग्लंडमधल्या लीड्सजवळच्या एका गावात आम्ही बेघर फेरेट सांभाळतो आणि त्यांना घरं शोधून देतो. केंद्र म्हणजे घरामागचं गॅरेज, दोन लाकडी शेड आणि एक मोठा फ्रीझर. आम्ही दोघं नागपूरचे. फेरेट हे नावसुद्धा इथे येईपर्यंत ऐकलं नव्हतं. आईला फोटो पाठवला तर तिने विचारलं, "मुंगूस पाळलंस काय गं?" लहानपणी आम्ही मुंगसाला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो, त्यामुळे तिला ते शुभच वाटलं. खरं तर फेरेट मुंगसापेक्षा पाणमांजराचं जवळचं नातलग. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याला दोनेक हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं, ते बिळातले ससे हुसकायला. आमच्या भागात, यॉर्कशरमध्ये, ते काम अजून चालतं.

पलीकडच्या गल्लीत एक आजोबा राहायचे, उमेदीत कोळशाच्या खाणीत होते. वृद्धाश्रमात जायची वेळ आली तेव्हा त्यांच्या दोन माद्या घ्यायला कोणी तयार होईना. "दोन आठवडे बघ," म्हणत त्यांनी लाकडी पेटी माझ्या हातात दिली. पांढरीला मी बर्फी म्हणू लागले, दुसरीला चिंगी.

पुढच्या वसंतात बर्फी माजावर आली. मांजरीसारखा उतरेल आपोआप, असं मी धरून चालले. चिंगीचं आजोबांनी आधीच ऑपरेशन केलेलं होतं, बर्फीचं राहून गेलेलं. फेरेटच्या मादीचा माज संगाशिवाय सहसा उतरत नाही. इस्ट्रोजेन महिनोन्महिने चढलेलंच राहतं आणि हाडातली मज्जा रक्त बनवणं सोडून देते. तिच्या हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या तेव्हा डॉक्टरकडे धावलो. बर्फी वाचली नाही. आजोबांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मी सांगायला हवं होतं." चूक त्यांची नव्हती. प्राणी घरात घेऊन मी काही विचारलंच नव्हतं.

निवारा त्यातून उभा राहिला. पण निवाऱ्यातून पैसे येत नाहीत. दत्तक देताना घेतो ती रक्कम लसीतच संपते. पोट भरतं ते बोर्डिंगवर. लोक सुट्टीला जातात, कुत्र्यामांजरांना ठेवायला जागा सापडते, फेरेटला फारशी कोणी घेत नाही. ती उणीव आम्ही भरून काढली.

घर आमचं शाकाहारी. फेरेट मात्र पक्कं मांसाहारी, खाल्लेलं तीनचार तासांत बाहेर. फ्रीझर उघडला की एका दिवसाच्या, गोठवलेल्या कोंबडीच्या पिल्लांच्या पिशव्या. पहिल्या वर्षी मी डोळे मिटून हात घालायची. आता मोजून काढते. तरीही काही म्हातारे अजून 'दूध-पाव घालतो' असं अभिमानाने सांगतात, आणि त्यांच्या फेरेटचे जुलाब आमच्या वाट्याला येतात.

आमचा एकच पगारी नोकर होता, बाबूराव. नसबंदी केलेला नर. माजावर आलेल्या मादीजवळ त्याला सोडलं की माज उतरायचा आणि पिल्लंही होत नसत. आसपासच्या फेरेटवाल्यांना आम्ही तो उसना द्यायचो. पगार म्हणजे एक अंडं. अलीकडे हार्मोनचं इम्प्लांट मिळतं, त्यामुळे बाबूराव निवृत्त होऊन दिवसाचे सोळा तास झोपतो.

ऑगस्ट आमचा सीझन. एका वेताला सहा-आठ पिल्लं, सगळ्यांचं हसतखेळत कौतुक, मग कोणाच्या तरी बागेतलं दार उघडं राहतं आणि आमचा फोन वाजतो: "गाडीखाली काहीतरी लांबुळकं आहे."

जुलै 2022 मध्ये इंग्लंडचा पारा 40 च्या वर गेला. फेरेटला तिशीच्या आसपासच उष्माघात गाठतो. तेव्हा मात्र नागपूर कामी आलं. शेडच्या खिडक्यांना ओली गोणपाटं, पिंजऱ्यात फडक्यात गुंडाळलेल्या गोठवलेल्या बाटल्या, दुपारी पंखा. शेजारीण विचारत होती, "हे शिकलात कुठे?"

दत्तक द्यायची पद्धत आमच्याकडे बघण्याच्या कार्यक्रमासारखी. दोनदा यायचं, निम्म्या वेळा पोहेही होतात, पण पसंती फेरेटची. येणाऱ्याला सर्दी-खोकला असेल तर पुढच्या आठवड्याची वेळ. माणसाचा फ्लू फेरेटला होतो. 1933 साली लंडनमध्ये हा विषाणू पहिल्यांदा पकडला तो फेरेटमध्येच. मग मी घरातल्या सोफ्याबद्दल विचारते. रिक्लायनर असेल तर नकार. फेरेट त्याच्या आत झोपतं आणि कोणीतरी पाय खाली करतं. एक गृहस्थ यावर इतके भडकले की अर्धे पोहे टाकून गेले. दोन महिन्यांनी सोफा विकल्याचा फोटो घेऊन परत आले. त्यांच्याकडे आज तीन आहेत.

पुण्या-मुंबईहूनही निरोप येतात, "इथे पाठवाल का?" नाही. एप्रिल-मेमध्ये एसी एक दुपार बंद पडला तर काय, आणि फेरेट तपासणारा डॉक्टर तुमच्या ओळखीचा कोण, एवढंच विचारते. बहुतेकांचं पुढे उत्तर येत नाही.

सध्या नऊ आहेत. गुंड्याला स्वादुपिंडात गाठी आहेत. साखर उतरली की मागचे पाय ओढत चालतो, मग हिरडीला मध लावायचा आणि डॉक्टरांना फोन. त्याला कोणी मागणार नाही, म्हणून यादीतून त्याचं नाव काढलं. चिंगी चार वर्षांपूर्वी म्हातारपणाने गेली, आजोबांच्या आधी सहा महिने. त्यांची लाकडी पेटी अजून वापरात आहे. उद्या सकाळी तिच्यातून दोघी बहिणी जवळच्या हॅलिफॅक्सला जातील, पसंती झाली तर.