बंद संगणकातला जागल्या

परभणीहून जिंतूर चाळीसेक किलोमीटर. त्या रस्त्यानं मी एका उन्हाळ्यात अकरा वेळा गेलो, आणि अकराही वेळा काम एकच होतं: संगणकाचं बटण दाबायचं.

मी एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात संगणक बघतो. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी आणि गंगाखेड अशा पाच शाखा. माझं खरं काम शाखा बंद झाल्यावर सुरू होतं. बॅकअप घ्यायचा, विंडोजचे अपडेट टाकायचे, मार्चअखेर असेल तर रात्री बारापर्यंत बसायचं. संगणक चालू असेल तर हे सगळं परभणीत बसून होतं. पण तो बंद असेल तर दुरून संगणक चालवायचा रिमोट डेस्कटॉप असून नसल्यासारखा. कडी आतून लावलेली आणि घरात कुणी नाही, अशी गत. संध्याकाळी "मशीन चालूच ठेवा" म्हणून पाचही ठिकाणी फोन करायचो, आणि रात्री त्यातलं एक तरी बंद सापडायचंच. कधी लाइट जाऊन आलेली असायची, कधी कुणी सवयीनं शटडाउन केलेलं असायचं.

आमचे निम्मे संगणक मोठ्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले, स्वस्तात घेतलेले. ते घेताना मी नाक मुरडलं होतं, पण पुढं हेच पथ्यावर पडलं. कंपन्यांसाठी बनवलेल्या मशीनच्या नेटवर्क कार्डात दुरून सांभाळण्याची सोय असते. बाजारात जोडून घेतलेल्या मशीनमध्ये ती बहुतेक वेळा अर्धीच असते किंवा नसतेच.

साधी सोय म्हणजे वेक ऑन लॅन, बंद संगणक नेटवर्कवरून उठवायचा. संगणक शटडाउन केला तरी प्लगला वीज असेल तोवर पॉवर सप्लायमधून पाच व्होल्टची एक जांभळी वायर चालूच राहते. तिच्यावर नेटवर्क कार्ड जागं असतं. जुन्या गावगाड्यात गाव झोपलं की जागल्या जागा असायचा, तसं हे कार्ड. त्याला मॅजिक पॅकेट नावाचा छोटा संदेश पाठवायचा. नाव जादूचं असलं तरी त्यात जादू काही नाही: आधी सहा वेळा एफएफ हा आकडा आणि मग त्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, लागोपाठ सोळा वेळा, एकूण 102 बाइट. 1995 मध्ये एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीनं या युक्तीची माहिती प्रसिद्ध केली, आणि आजही ती तशीच चालते. शाळेच्या हजेरीत एकाच पोराचं नाव सोळा वेळा पुकारावं तसा प्रकार. बाकीची कार्डं ऐकून सोडून देतात, ज्याचं नाव आहे ते उठतं.

सुरुवात जिंतूरपासून केली. तिथल्या क्लार्क ताईंना फोन लावला, संगणक बंद करायला सांगितला आणि म्हटलं, "आता मागं बघा, जिथं नेटची वायर घुसवलीय तिथं हिरवी लाइट लागलीय का?"

"नाही ओ सर. सगळं काळंच आहे."

दिवा नाही म्हणजे जागल्याच झोपलाय. मग बाराव्यांदा जिंतूर गाठलं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, डीप स्लीप नावाचा पर्याय चालू होता. वीज वाचवायला तो बंद मशीनमध्ये कार्डाचीही वीज तोडतो. काही मशीनमध्ये याच गोष्टीला ईआरपी म्हणतात. तो बंद केला, वेक ऑन लॅन चालू केलं, आणि शटडाउननंतर मागं हिरवा दिवा मिणमिणायला लागला. ताईंनाही बरं वाटलं. मला वाटलं, काम झालं.

परभणीला परत येऊन पॅकेट पाठवलं तर काहीच नाही. ही चूक माझी होती. मॅजिक पॅकेट ब्रॉडकास्टनं, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम पुकारून, जातं, आणि राउटर ब्रॉडकास्ट पलीकडं जाऊ देत नाही. नेटवर्कचा पहिला धडा, आणि तो मी पोरांना शिकवलेला आहे. शाखांमध्ये मायक्रोटिकचे राउटर होते आणि त्यांच्यात वेक ऑन लॅनची कमांड आधीपासूनच आहे. व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी वाटेनं, शाखेच्या राउटरमध्ये शिरायचं आणि आतूनच पॅकेट सोडायचं. पुकारा गावात जाऊनच करायचा, वेशीबाहेरून नाही.

तरी जिंतूरचं मशीन दहातून चार वेळाच उठायचं. यात माझे आठ दिवस गेले. शेवटी लक्षात आलं की ताई शिफ्टचं बटण दाबून शटडाउन करायच्या तेव्हा ते उठायचं आणि नुसतं शटडाउन केलं तर नाही. कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. विंडोज 8 पासून साधं शटडाउन हे पुरतं शटडाउन नसतं, अर्धवट हायबरनेट, म्हणजे चालू स्थिती डिस्कवर साठवून झोपणं, असतं, आणि त्या अवस्थेत जाताना विंडोज कार्डाला जागं ठेवत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समधली ती टिक काढली. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये गेलो. अॅडव्हान्स्ड टॅबवर वेक ऑन मॅजिक पॅकेट चालू केलं. वेक ऑन पॅटर्न मॅच मुद्दाम बंद केलं, नाहीतर नेटवर्कवरच्या कुठल्याही कुजबुजीनं मशीन रात्री अपरात्री उठून बसतं. पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर फक्त मॅजिक पॅकेटनंच उठवायची परवानगी दिली. पाथरीच्या मशीनला रिअलटेकचं कार्ड होतं, त्यात शटडाउन वेक ऑन लॅन अशी वेगळी ओळ असते, ती चालू नसेल तर बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी. कोणत्या कार्डाला उठवायची परवानगी आहे हे बघायला पॉवरसीएफजी कमांडचा डिव्हाइसक्वेरी हा भाग कामाचा, आणि मशीन शेवटचं कुणी उठवलं हे लास्टवेक सांगतं. पुढं एका अपडेटनं कार्ड चालवणारा ड्रायव्हर बदलला आणि या सगळ्या सेटिंग पुन्हा जैसे थे झाल्या. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर मी ही दोन पानं उघडून बघतोच.

हे झालं उठवायचं. मला हाव सुटली ती मशीननं आपणहून निरोप द्यावा याची.

सेलू आणि मानवतच्या जुन्या मशीनमध्ये चालू होताना कंट्रोल आणि पी दाबून एका वेगळ्याच मेनूत जाता येतं. तिथं मॅनेजेबिलिटीखाली तीन पर्याय होते: काहीच नको, एएमटी किंवा एएसएफ. एएमटी ही मशीन दुरून सांभाळायची इंटेलची मोठी सोय, जिंतूरच्या नव्या मशीनवर मी ती चालू केली. एएसएफ म्हणजे अलर्ट स्टँडर्ड फॉरमॅट, डीएमटीएफ या संघटनेनं ठरवलेली त्याआधीची साधी पद्धत. विंडोज अडकलेलं असो, बंद असो, नेटवर्क कार्ड स्वतःच ठरलेल्या पत्त्यावर इशारा पाठवतं: पंखा थांबला, तापमान वाढलं, कॅबिनेट उघडलं. शिवाय ठरावीक वेळानं एक हार्टबीट पाठवतं, मी आहे म्हणून. दुरून मशीन चालू, बंद किंवा रीसेट करायचा हुकूम यूडीपी पोर्ट 623 वर येतो (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचं क्रमांकाचं दार), आणि इशारे 162 वर जातात.

त्या मेनूचा मूळ पासवर्ड अॅडमिन असतो, आणि तो जगजाहीर आहे. 2017 च्या मे महिन्यात एएमटीमधली मोठी त्रुटी जाहीर झाली होती, पासवर्ड माहीत नसतानाही आत शिरता येत होतं. आमचे व्यवस्थापक हे कुठंतरी वाचून आले आणि मला विचारलं, "म्हणजे पुण्यात बसून कुणी आपली मशीन बंद करू शकेल का?" प्रश्न रास्त होता. मी जिंतूरचं फर्मवेअर, म्हणजे चिपमधलंच सॉफ्टवेअर, नवं टाकलं, सगळीकडं पासवर्ड बदलले, आणि एएमटीचे 16992 ते 16995 हे पोर्ट आणि 623 व्हीपीएनबाहेरून पुरते बंद केले. पासवर्डची चिठ्ठी पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवली. मी उद्या नसलो तर कुणाला तरी ती लागणारच.

एएसएफमध्ये निरोप कुणाला द्यायचा तो पत्ता आधीच भरून ठेवावा लागतो. मी परभणीच्या माझ्या मशीनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, भरला. दोन दिवस काही आलं नाही. माझ्याच विंडोजच्या फायरवॉलनं, म्हणजे नको ते निरोप अडवणाऱ्या पहारेकऱ्यानं, 162 अडवला होता. तो उघडल्यावर दुसऱ्या दिवशी निरोप आले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. इथं लाइट गेली, राउटर रीस्टार्ट झाला आणि माझ्या मशीनला दुसराच आयपी मिळाला. निरोप्या जुन्या घरी जाऊन दार ठोठावत होता. आयपी कायमचा केला तेव्हा प्रश्न मिटला.

येणारे निरोप मात्र माणसाच्या भाषेत नव्हते. 1.3.6.1.4.1.3183.1.1 असा लांबलचक पत्ता आणि त्यामागं एक आकडा. मे महिन्यात एके दिवशी सकाळी अकराला मानवतहून 356096 आला. मी तो आकडा कागदावर सोळाच्या पद्धतीत मोडला तर 05, 6एफ, 00 निघाले. पहिल्या जोडीतला पाच म्हणजे कॅबिनेटची सुरक्षा, आणि पूर्ण अर्थ असा की कॅबिनेट उघडलंय. माझ्या पोटात गोळा आला. वापरलेल्या मशीनची रॅम काढून विकली जाते, हे मी ऐकून होतो. लगेच शाखेत फोन केला.

"मशीन कोण खोललंय?"

"मीच खोललं सर. तापायलं होतं. बाजूचं पान काढून टेबल फॅन लावलाय. आता चांगलं चालायलंय."

जगात जर्मनी अन् भारतात परभणी, ते उगीच म्हणत नाहीत. बाहेर त्रेचाळीस अंश, आणि उघड्या कॅबिनेटसमोर टेबल फॅन. दुसऱ्या दिवशी मी गेलो. शाखेच्या पाठीमागं जिनिंग आहे, मानवत म्हणजे कापसाचा बाजार. हंगामभर उडालेली कापसाची तूस प्रोसेसरच्या पंख्यावर बसून तिची गादी झाली होती, बोटानं ओढली तर अख्खी वातीसारखी निघून आली. पंखा फिरत होता पण हवा जात नव्हती, म्हणून पंख्याचा इशारा आला नाही. ब्रशनं साफ केलं, पेस्ट बदलली, पान लावलं. टेबल फॅन क्लार्कच्या अंगावर फिरवून दिला, त्याची खरी गरज त्यालाच होती. तेव्हापासून जिनिंग संपलं की मार्चमध्ये मानवतची फेरी ठरलेली.

सेलूची गोष्ट वेगळी. दिवसा मशीन दरवेळी उठायचं आणि रात्री एकदाही नाही. बायोस, ड्रायव्हर, राउटर सगळं तीनदा तपासलं. मग मी हार्टबीटची नोंद उघडली. दर मिनिटाला येणारा ठोका रोज संध्याकाळी सहा वाजून आठ-दहा मिनिटांनी थांबायचा आणि सकाळी दहाच्या आधी पुन्हा सुरू व्हायचा. रविवारी तर पत्ताच नाही. वीज गेलेलं मशीन "मी बंद होतोय" असं सांगू शकत नाही, त्याचं न बोलणं हाच निरोप. आणि वीज रोज त्याच वेळेला जात नसते. ती कुणीतरी बंद करत असतं.

ते शिपाई मामा होते. शटर ओढायच्या आधी मेन बोर्ड पाडायचा, ही त्यांची वीस वर्षांची शिस्त. मी जरा तोऱ्यातच सांगायला गेलो की मामा, बोर्ड चालू ठेवा. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "साहेब, मागं एकदा वळवाच्या पावसात वीज पडली. फोन गेला, नेटचा डबा गेला, दोन मशीन जळाली. त्या दिवशी बोर्ड चालू राहिला होता. तुम्ही म्हणता तर ठेवतो चालू. पण लिहून द्या."

लिहून द्यायची माझी छाती झाली नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि माझ्या पाच व्होल्टच्या जागल्याला यात उत्तर नव्हतं. वायरमनला बोलावून एक मशीन आणि राउटर वेगळ्या एमसीबीवर (बोर्डातलं वेगळं बटण), यूपीएसवर घेतले आणि अर्थिंग नव्यानं करून घेतलं. बाकीचा बोर्ड मामांनी पाडायचा. आणखी एक गोष्ट इथं कळली: वीज पूर्ण जाऊन आली की काही मशीनमध्ये कार्ड जागं राहायचं विसरतं, एकदा विंडोजपर्यंत चालू होईपर्यंत ते पॅकेट ऐकत नाही. म्हणून बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय सगळीकडं लावला. आता सकाळी मामांनी बोर्ड वर केला की क्लार्क यायच्या आत सगळी मशीन चालू असतात, याचं त्यांना माझ्या हार्टबीटपेक्षा जास्त कौतुक.

आभाळ भरून आलं की मात्र मामा ती वेगळी एमसीबीही पाडतात, नेटची वायरसुद्धा उपसतात, आणि आधी मला फोन करतात. "साहेब, गडगडायलंय. तुमचं मशीन आता बोलणार नाही, घाबरू नका." मी नोंदवहीत वेळ टाकतो आणि त्या रात्रीचा सेलूचा बॅकअप सोडून देतो.

गंगाखेडचं मशीन अजून उठत नाही. जोडून घेतलेलं, जुनं, त्याच्या बायोसमध्ये तो पर्यायच नाही. नवं घ्यायचा अर्ज संचालक मंडळापुढं आहे. तोवर तिथं बटण दाबायला मी रेल्वेनं जातो.