सव्वीस अधिक सतरा क्ष

मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी गेली एकोणीस वर्षे गणित शिकवते. गेल्या वर्षी जुलैमध्ये रात्रभर कोसळलेल्या पावसाने मध्य रेल्वे रखडली होती आणि सातवीच्या वर्गात बेचाळीसपैकी जेमतेम अठरा मुले आली होती. अशा दिवशी नवा धडा घेतला तर उरलेल्यांसाठी तो पुन्हा घ्यावा लागतो, म्हणून बैजिक राशींच्या बेरजेची उजळणी करायची असे मी ठरवले.

उदाहरण मी रिक्षाच्या भाड्याचे घेतले. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले होते. पहिल्या दीड किलोमीटरला तेवढे द्यायचे आणि त्यापुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. वरचे पैसे सोडून आम्ही १७ धरले, दीड किलोमीटरच्या पुढचे अंतर क्ष किलोमीटर मानले आणि एकूण भाडे लिहायला मी सांगितले. २६ + १७क्ष ही राशी जवळजवळ सर्वांनी बरोबर मांडली. मात्र अकरा वह्यांत तिच्याखाली आणखी एक ओळ होती : = ४३क्ष.

ही चूक दरवर्षी भेटते आणि ती आळसातून होत नाही. पहिलीपासून मुलांच्या डोळ्यांसमोर अधिकचे चिन्ह आले की ते काहीतरी करायला सांगत असते. ५ + ३ लिहून कोणी थांबत नाही, ८ लिहिल्याशिवाय गुण मिळत नाहीत. त्यामुळे २६ + १७क्ष हे उत्तर असू शकते यावर त्यांचा विश्वासच बसत नाही; मध्ये अधिक उरले आहे म्हणजे गणित अर्धवट राहिले, असे त्यांना मनापासून वाटते.

यावर माझे एक ठरलेले औषध होते. तीन आंबे आणि दोन केळी मिळून पाच ‘आंबेकेळी’ होतात का, असे मी विचारायचे, वर्ग हसायचा आणि विजातीय पदांची बेरीज होत नाही हे वाक्य वहीत जायचे. त्या दिवशीही मी तेच विचारले. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, पाच फळं होतात की.” तिला मी काही सांगणार, तोच खिडकीशी बसलेला मुलगा उभा राहिला. “बाई, इथे आंबे-केळी कुठे आहेत? २६ पण रुपये आणि १७क्ष पण रुपयेच. मग मिळवायचे का नाहीत?”

तो शब्दशः बरोबर बोलत होता. क्ष ही वस्तू नाही, ती किलोमीटरची संख्या आहे. तिला १७ ने गुणले की रुपयेच मिळतात आणि क्ष कळला की ते २६ मध्ये मिळवावेच लागतात. म्हणजे माझे औषध नुसते अपुरे नव्हते, ते अक्षराला वस्तू समजण्याची दुसरीच सवय लावत होते. मी गप्प राहिले. तेवढ्यात त्याने पुरावाही दिला. “क्ष एक घ्या. २६ आणि १७, ४३. आणि ४३ गुणिले १ पण ४३च.” वर्गाने माना डोलावल्या, आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी वर्ग त्याच्या बाजूचा झाला होता.

उत्तर आले ते शेवटच्या बाकावरून. तिथे बसणाऱ्या मुलीचे वडील रिक्षा चालवतात. “दोन घे ना! पप्पांचं मीटर ६० दाखवेल, तुझं ८६. आणि दीड किलोमीटरच्या आत उतरलास तर क्ष शून्य, मग काय फुकट जाणार? मीटर टाकलं की २६ लागतात, पण ते एकदाच लागतात. दर किलोमीटरला नाही लागत.”

४३क्ष मध्ये २६ रुपये प्रत्येक किलोमीटरला लावले जातात, ही गोष्ट इतक्या वर्षांत मी इतक्या थोडक्यात कधी सांगितली नव्हती. मी फळ्यावर तक्ता काढला. क्ष च्या ०, १, २, ३ आणि १० या किमतींना २६ + १७क्ष चे २६, ४३, ६०, ७७, १९६ असे आकडे आले आणि ४३क्ष चे ०, ४३, ८६, १२९, ४३०. दोन्ही रांगा एकाच ठिकाणी भेटत होत्या.

“पण एकाला तर जमतंय,” खिडकीशी बसलेला मुलगा अजून बसला नव्हता.

त्याची चूक पुसायची सोडून मी तीच समीकरण म्हणून लिहिली : २६ + १७क्ष = ४३क्ष. दोन्ही बाजूंतून १७क्ष वजा केले, २६ = २६क्ष उरले आणि क्ष = १ अशी उकल निघाली. शेजारी ५क्ष + १२क्ष = १७क्ष लिहून कोणतीही किंमत घालून पाहायला सांगितले; मुलांनी शंभर, शून्य, अर्धा, सगळे घालून पाहिले आणि ते प्रत्येक वेळी जमले. एके ठिकाणी बरोबरचे चिन्ह ‘कधी?’ असे विचारते, दुसऱ्या ठिकाणी ‘नेहमीच’ असे सांगते. हा फरक मी आजवर वरच्या वर्गांसाठी राखून ठेवत आले होते. मग कोणीतरी ५ + ३क्ष = ८क्ष करून पाहिले; तिथेही १ आला. अशी प्रत्येक चूक एकालाच का जमते, यावर तास संपेपर्यंत वाद चालला. त्या मुलाने ४३क्ष खोडले नाही, पुढे कंसात ‘फक्त क्ष = १ असताना’ असे लिहिले.

घंटा व्हायच्या आधी मी आणखी एक मांडणी दाखवली. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’तील बीजगणितात अज्ञात संख्येला यावत्तावत्, म्हणजे ‘जितके असेल तितके’, म्हणतात आणि ‘या’ असे लिहितात. सुट्या संख्येपुढे ‘रू’ येते. आमची राशी त्या पद्धतीने ‘या १७ रू २६’ अशी होते. मध्ये अधिकचे चिन्ह नसल्यामुळे बेरीज करून टाकण्याची खुमखुमीच येत नाही. रू म्हणजे रूप, पण वर्गाने एकमुखाने ‘रुपये सव्वीस’ असे वाचले आणि मीही दुरुस्ती करायची घाई केली नाही.

ऑगस्टच्या घटक चाचणीत सात रुपयांची एक वही आणि चार रुपयांची म पेने यांची एकूण किंमत विचारली होती. खिडकीशी बसणाऱ्या मुलाने ७ + ४म लिहून सोडले. रिक्षावाल्याच्या मुलीच्या पेपरात मात्र ११म होते. मी तिला बोलावून पेपर पुढे ठेवला. तिने तो पाहिला, जीभ चावली आणि म्हणाली, “बाई, इथे मीटर नव्हतं ना.”