बोव्हिंग्टनचा शर्मन फायरफ्लाय : आधी मागून बघा

मी मूळचा नगरचा, तिथलं रणगाड्यांचं म्युझियम लहानपणी कितीतरी वेळा पाहिलंय, त्यामुळे लंडनला आल्यापासून डॉर्सेटमधलं बोव्हिंग्टनचं टँक म्युझियम डोक्यात होतंच. शेवटी जमलं. वॉटर्लूहून वेमथची ट्रेन पकडायची, वूलला उतरायचं, साधारण अडीच तास. तिथून म्युझियम दोनेक मैल. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका, आम्ही चालत गेलो आणि लेक आत शिरायच्या आधीच दमली, टॅक्सी आधी सांगून ठेवा.

आत गर्दी सगळी टायगर 131 या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्याभोवती. तो बघाच, पण मी गेलो होतो फायरफ्लायसाठी, म्हणजे ब्रिटिशांनी आपली मोठी तोफ बसवलेल्या अमेरिकन शर्मन रणगाड्यासाठी. आधी तिथला 'मायकेल' नावाचा साधा शर्मन बघून घ्या, त्याची आखूड नळी लक्षात ठेवा आणि मग इकडे या. तोफेचं तोंड 75 मिलिमीटरवरून 76.2 झालं, बस एवढाच फरक! खरी ताकद लांब नळीत आणि मोठ्या काडतुसात, जुन्या तोफेचा गोळा सेकंदाला 620 मीटरच्या आसपास सुटायचा, फायरफ्लायवरच्या या '17 पाउंडर' तोफेचा साधारण 880. टायगरला समोरून फोडायला हीच लागायची.

आता मागे जा. टरेटला, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाला, चिकटवलेली लोखंडी पेटी दिसेल. एवढी तोफ धक्क्याने मागे येणार म्हणजे रेडिओला जागाच उरली नाही, म्हणून टरेटला मागून भोक पाडून रेडिओ त्या पेटीत हलवला. तोफेची ब्रीच, म्हणजे गोळा भरायचं मागचं टोक, आडवी बसवली, गोळे भरणाऱ्याला वर वेगळं झाकण दिलं, पुढच्या मशीनगनवाल्याला काढून तिथं गोळे रचले, पाचाचे चार झाले. याची सुरुवात जवळच्याच लुलवर्थला झाली, ब्रिटिश सैन्यातले मेजर ब्रायटी आणि विदरिज यांनी, आणि वरून काम थांबवा म्हणून सांगितलं तरी त्यांनी पिच्छा सोडला नाही. मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो. 8 ऑगस्ट 1944 ला नॉर्मंडीत जो एकिन्स या गनरने अशाच एका फायरफ्लायच्या तोफेने थोड्या मिनिटांत तीन टायगर उडवले.

टायगर डेला, म्हणजे तो टायगर चालवून दाखवतात त्या दिवशी, प्रचंड गर्दी असते, फायरफ्लाय निवांत बघायचा तर साध्या दिवशी जा, चार तास तरी हातात ठेवा, तिकीट ऑनलाइन काढा. पेटी बघून लेकीने विचारलं, रेडिओवाला बाहेर बसायचा का रे बाबा? नाही गं, आतूनच त्या भोकातून हात घालायचा.