करडी रवणाला बसली: बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या परड्यातली नोंद

पाडव्याच्या सुमारास आमच्या करडी नावाच्या बदकीनं गोठ्याच्या भिंतीला लावलेल्या जळणाच्या ढिगामागे पिंजर (भाताचं वाळलं गवत) ओढायला सुरुवात केली. गावठी बदकी खुडूक होणं, म्हणजे रवणाला (अंडी उबवायला) बसणं, आता फार घरी बघायला मिळत नाही. खाकी कॅम्पबेल पाळणाऱ्यांना तर हे सुख जवळपास नाहीच. ती जात अंड्यांसाठी निवडत निवडत घडवलेली, अंडी भरपूर देते, पण त्यावर बसायची ओढ तिच्यात फारशी उरलेली नाही. पांढऱ्या पेकिनचंही तसंच. मस्कव्ही चांगली बसते, पण तिच्या अंड्यांना 35 दिवस लागतात. बाकी बदकांना 28. कोंबडीच्या 21 दिवसांची सवय असलेल्या माणसाला हा वरचा आठवडा फार लांब वाटतो, आणि अंड्यांना हात लावावासा वाटतो तो नेमका त्याच आठवड्यात.

करडी पहाटे एक अंडं घालायची, पिंजरानं झाकायची आणि दिवसभर बाकीच्यांबरोबर नाल्याकडे निघून जायची. अंडी नुसती पडलेली बघून घरात काळजी सुरू झाली, पण त्यात काळजीचं काही नाही. थंड अंड्यात वाढ थांबलेली असते. बदकी मनासारखी अंडी झाल्यावरच बसते, म्हणून आधीचं आणि नंतरचं अंडं एकाच वेळी फुटतं. ती बसणार हे कळलं ते घरट्यात छातीची लव दिसली तेव्हा. स्वतःची लव उपटून ती अंड्यांभोवती पसरते आणि उघडी पडलेली कातडी थेट अंड्याला लावते. अंड्यांना साधारण साडेसदतीस अंश ऊब लागते, ती तिथून मिळते. अंडी मातीनं माखली होती तरी धुतली नाहीत. कवचावर एक बारीक थर असतो, तो गेला की जंतू आत शिरतात.

मला तिला कोपऱ्यातल्या खुराड्यात हलवायचं होतं. शेजारच्या आज्जी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "हलवू नकोस बघ तिला. जागा तिनं बघितल्या, तू राखण कर तेवढी." हलवलेली बदकी पुष्कळदा उठून जाते ती जातेच, अंडी गार पडतात. मग घरटं तिथंच ठेवून पिंजरा त्याच्याभोवती बांधला.

या पिंजऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण रवणाच्या काळात माणसानं करायचं खरं काम एवढंच आहे. षटकोनी कोंबडी-जाळी वापरू नका. ती कोंबडीला आत ठेवते, पण घुशीला आणि मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंची वेल्डेड जाळी घ्या. त्यातून घूस येत नाही, आणि अंडं गिळण्याएवढी धामणही येत नाही. आमच्याकडे धामण पावसाच्या आधी हमखास गोठ्यात फिरते, ती मारायची नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंही तिला आणि मुंगसाला संरक्षण आहे, आणि भाताच्या शेतात उंदीर तीच आवरते. तिला आत यायला वाट ठेवली नाही की भागतं. घूस मात्र खालून येते. म्हणून जाळी जमिनीला टेकली तिथून बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी वळवली आणि वर दगड रचले. घूस कुंपणाच्या बुडाशी उकरते, खाली जाळीच लागते, मागे सरून उकरायचं तिला सुचत नाही. तिसऱ्या-चौथ्या रात्रीच उकरल्याच्या खुणा दिसल्या, पण आत काही गेलं नव्हतं. वरच्या बाजूला जाळी आणि त्यावर शेडनेट. दाराला नुसता आकडा ठेवला नाही, आकड्यात काडी अडकवली, कारण बोक्याचा पंजा आकडा उचलतो.

पिंजऱ्याचा दुसरा उपयोग म्हणजे बाकीच्या बदकी. तयार घरटं दिसलं की त्या आत घुसून आपली अंडी घालून जातात. मग ती अंडी आठवडाभर मागे राहतात आणि पिल्लं घेऊन आई उठली की तशीच गार होतात. आम्ही पिंजरा लागेपर्यंत प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं खूण केली होती, बिनखुणेचं दिसलं की संध्याकाळी काढून घ्यायचं. नरही बाहेरच ठेवला. काही नर पिल्लांना चोचीनं धरून आपटतात. आमचा तसा आहे की नाही हे पिल्लांवर बघायचं नाही.

बसल्यावर करडी दिवसातून एकदा, क्वचित दोनदा उठायची. आधी धरून ठेवलेली ती मोठी घाण टाकायची (नाक धरावं लागतं), घाईनं कणी खायची, घमेल्यात अंग बुडवून ओलीच परत यायची. अर्धा तास गेला तरी घाबरू नका. ओल्या छातीनं ती अंड्यांना दमट ठेवते, त्यामुळे वरून पाणी शिंपडायची गरज पडली नाही. खाणं आणि पाणी घरट्यापासून लांब, पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला. जवळ सांडलेल्या कणीवर तांबड्या मुंग्या येतात, आणि टोच पडलेल्या अंड्यात मुंग्या शिरल्या तर आतलं पिल्लू वाचत नाही. बाहेरून राखेचा जाड पट्टा ओढला, तो वरचेवर नवा केला.

पहिला आठवडा उलटल्यावर ती अंघोळीला उठली असताना अंडी मोबाईलच्या टॉर्चवर बघितली. अंधाऱ्या खोलीत, पुठ्ठ्याला भोक पाडून. जिवंत अंड्यात मधोमध काळा ठिपका आणि त्याच्यापासून फुटलेल्या लाल शिरा दिसतात. दोन अंडी नुसती पिवळी, स्वच्छ निघाली, ती काढली. वांझ अंडं तसंच राहिलं तर उन्हाळ्यात कुजतं, फुटतं आणि चांगल्या अंड्यांना घाण लागते. त्यानंतर एकदाच परत बघितलं. रोज बघून आतलं पिल्लू लवकर वाढत नाही.

मग वळीव आला. राजहंसगडाच्या बाजूनं ढग उतरले आणि गारांसकट झोडपून गेला. जागा गोठ्याच्या वळचणीला होती तरी पाणी वाहत आलं असतं, पण पिंजऱ्याच्या भोवती चर खणून ठेवली होती आणि घरट्याखाली विटांचा थर होता. करडी पंख पसरून बसली होती, जागची हलली नाही. मी टॉर्च घेऊन गेलो तर माझ्यावरच फिस्कारली. फार बरं वाटलं.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत कवचाच्या आतून किणकिणता आवाज येतो आणि ती घशातल्या घशात उत्तर देते. हे ऐकायला मिळावं म्हणून बदकं पाळावीत, असं मला खरंच वाटतं. पहिली टोच पडल्यावर कवच पूर्ण फुटायला एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. मधल्या वेळात पिल्लू थांबलेलं दिसतं, पण ते अडकलेलं नसतं. कवचाच्या आतल्या पडद्यातलं रक्त अंगात ओढून घेणं आणि उरलेला बलक पोटात घेणं चाललेलं असतं. त्या वेळी नखानं कवच सोललं तर रक्त वाहतं. घरच्या पोरांना हे आधीच सांगून ठेवलं होतं, आणि कोणीही हात लावला नाही. एक पिल्लू बाकीच्यांच्या बरंच मागून निघालं, लव चिकटलेलं, मान टाकलेलं. करडीनं ते पोटाखाली ओढलं. सकाळी बाकीच्यांत कुठलं ते ओळखता आलं नाही.

फुटल्यावर दिवसभर तरी खायला घालायची घाई नको, पोटातला बलक पुरतो. त्यानंतरच्या खाण्याबद्दल दोन गोष्टी आपल्या भागातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवाव्यात.

पहिली म्हणजे शेंगपेंड, भुईमुगाची पेंड. आपल्याकडे ती घरात असतेच, म्हशीची उरलेली मूठभर टाकावीशी वाटते. टाकू नका. बुरशी लागलेल्या शेंगपेंडेत किंवा मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि बदकाचं पिल्लू त्याला अतिशय नाजूक असतं. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखावर पिल्लं मेली, बदकाचीही मेली, आणि शोध घेतल्यावर ब्राझीलहून आलेली शेंगपेंड कारण निघाली. त्यातूनच या विषाचा पत्ता लागला. पुढे ते ओळखायला चाचणी करायचे तीसुद्धा एका दिवसाच्या बदकाच्या पिल्लावर. डोळ्यांना बुरशी दिसली नाही म्हणजे पेंड चांगली, असं समजू नका.

दुसरी म्हणजे नायसिन हे जीवनसत्त्व. बदकाच्या पिल्लाला किलोभर खाद्यात साधारण 55 मिलिग्रॅम लागतं, कोंबडीच्या पिल्लाला 35 च्या आसपास पुरतं. मक्यातलं नायसिन बांधलेलं असतं, अंगी लागत नाही. कमी पडलं की गुडघे सुजतात, पाय वाकतात, पिल्लू बसूनच राहतं. आम्ही औषध न मिसळलेलं चिक स्टार्टर (कोंबडीच्या पिल्लांचं तयार खाद्य) घेतलं, त्यात नायसिनसाठी ब्रूअर्स यीस्ट मिसळलं आणि वरून अझोला, बारीक चिरलेली माठाची पानं आणि गांडुळं घातली. पाय सगळ्यांचे सरळ आहेत.

खाताना शेजारी पाणी हवंच, कोरडं खाद्य घशात अडकतं. पाणी एवढं खोल की नाकपुड्या बुडतील, कारण बदक नाक आणि डोळे पाण्यातच साफ करतं. पण गुरांची दगडी डोण त्यांच्या वाटेत असेल तर ती झाका. उभ्या कडेवरून आत पडलेलं पिल्लू वर येऊ शकत नाही. परातीत खडे टाकून सुरुवात केली, काही दिवसांनी उताराची फळी लावलेलं घमेलं दिलं. करडी स्वतः आधी उतरते, मग रांग तिच्या मागे.

कावळ्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं. गोठ्याच्या कौलावर दोघं येऊन बसायचे. एकदा पिल्लं अंगणात असताना एक खाली झेपावला. करडीनं मान जमिनीला लावून, पंख उघडून त्याच्यावर जी धाव घेतली, ती बघून नाल्याकडची बदकंसुद्धा ओरडायला लागली. कावळा रिकामा गेला. तरी आईच्या जोरावर सगळं सोडत नाही. पिसं फुटेपर्यंत बाहेर काढायचं ते आमच्यापैकी कोणीतरी समोर असेल तेव्हाच, आणि सूर्य मावळायच्या आधी सगळी जाळीत. भारद्वाज दिसायला देखणा, पण त्याच्याकडेही लक्ष ठेवा, अंडी आणि लहान पिल्लं तो सोडत नाही.

आता खांद्यांवर पिसांची टोकं दिसायला लागली आहेत. 8 ते 12 आठवड्यांच्या दरम्यान डक प्लेग या बदकांच्या साथीच्या रोगाची लस टोचायची आहे, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव देऊन आलोय. बासमतीची रोपं मुळं धरून उभी राहिली की बळ्ळारी नाल्याच्या वरच्या वाफ्यात पिल्लं सोडायची आणि लोंब्या यायच्या आधी काढायची, असा बेत आहे. फवारणी केलेल्या शेताला वाफा लागून आहे, त्यामुळे आधी बांधावरच्या शेतकऱ्याशी बोलायचं. त्याच्या फवारणीची तारीख कळल्याशिवाय एकही पिल्लू पाण्यात उतरवणार नाही.