तुम्ही विचारलंत म्हणून: धन्य कोणाला म्हणायचं?

पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवतो म्हटलं की हा प्रश्न येतोच: ग्रीकांनी सांगितलेलं ‘चांगलं जगणं’ ख्रिस्ती धर्मानं पुसलं की जपलं? मला उत्तर देताना एका शब्दापासून सुरुवात करावीशी वाटते. माकारिओस, म्हणजे ग्रीकमध्ये ‘धन्य’.

होमरच्या काव्यात या शब्दाचं जुनं रूप, ‘माकार’, बहुतेकदा देवांसाठी येतं. अ‍ॅरिस्टॉटल माकारिओस माणसालाही म्हणतो, पण हात राखून. सद्गुणांना धरून केलेली कृती, तीही आयुष्यभर, हे त्याचं चांगलं जगणं. शिवाय मित्र हवेत, थोडा पैसा हवा, चांगलं कूळ, चांगली मुलंबाळं हवीत. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायाम, ज्याचे मुलगे मारले गेले, नगर बुडालं, त्याला माकारिओस म्हणता येणार नाही, असं तो सरळ लिहितो. गुलामाला तर या सुखात वाटाच नाही. नशिबाचा भाग अ‍ॅरिस्टॉटल लपवत नाही, म्हणून मला तो प्रिय आहे. तरीही दरवेळी इथे मी अडतोच.

आणि मग बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडावा. तिथे येशू म्हणतो, ‘जे आत्म्याने दीन ते धन्य.’ मूळ ग्रीकमध्ये या ‘धन्य’च्या जागी तोच शब्द आहे, आणि ‘दीन’च्या जागी आहे तो भिकाऱ्यासाठी वापरला जाणारा. पुढच्याच ओळीत शोक करणारे धन्य. म्हणजे प्रायामसुद्धा! शब्द ग्रीकांचाच राहिला, त्याचे मानकरी बदलले.

बाकी पुष्कळसं तसंच पुढे आलं. प्लेटोचे शहाणपण, धैर्य, संयम, न्याय हे चार सद्गुण मिलानच्या बिशप अँब्रोझनं स्वीकारले. तेराव्या शतकात ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसनं त्यांना श्रद्धा, आशा, प्रेम यांची जोड दिली, आणि या जगातलं सुख अपुरं असलं तरी सुखच आहे, असं मानलं.

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टिन मात्र कडक होता. सद्गुण असला की सुख आलंच, असं मानणारे स्टोइक तत्त्वज्ञ आत्महत्येची मुभा देतात, मग त्याच आयुष्याला सुखी कसे म्हणतात, हा त्याचा सवाल होता. इ. स. 430 मध्ये व्हँडल या जर्मानिक टोळीनं हिप्पोला वेढा घातला असताना तो तिथेच वारला. त्याचा शिष्य पोसिडियस सांगतो, शेवटच्या दिवसांत त्यानं पश्चात्तापाची स्तोत्रं भिंतीवर लावून घेतली होती; अंथरुणातून वाचायचा आणि रडायचा. त्याच वेढ्यात तो एका ज्ञानी माणसाचं वचनही आठवून धीर धरायचा: लाकूड-दगड कोसळतात, मर्त्य माणसं मरतात, याचं ज्याला मोठं नवल वाटतं तो मोठा नव्हे. ते वचन प्लोटिनसचं. ख्रिस्ती नसलेल्या ग्रीक तत्त्वज्ञाचं, आणि तेही त्याच्या सुखावरच्याच निबंधातलं.